आप्पा मागावर, आक्का रस्त्यावर

"आक्काला मी आणतो! नुसती आणत न्हाय, गाडीत आप्पांचं भजन ऐकवत आणतो!"

बसवंतनं बेळगावच्या वडगावातल्या आपल्या घराच्या कट्ट्यावर उभं राहून ही घोषणा केली, तेव्हा समोर बायको अंबुबाई होती, मुलगी रक्षा होती, घरच्या साडीच्या मागावरचा कामगार भावकू होता आणि हार घातलेली नवी कोरी पांढरी गाडी होती. चौघांपैकी एकट्या गाडीनंच विश्वास ठेवला असावा. बाकीचे तिघं आक्काला ओळखत होते!

रक्षाचा साखरपुडा दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ चाळीसला होता. पोरीची पहिली ओटी आत्यानं भरायची, ही घरातली जुनी रीत. आणि आत्या म्हणजे बसवंतची थोरली बहीण बायाक्का, दोन वर्षं निपाणीत रुसून बसलेली. भाऊबीज नाही, गणपती नाही, फोनवर एक शब्द धड नाही. कारण काय? तर कॅसेटी!

या दोघांचे वडील, म्हणजे आप्पा, दिवसभर मागावर आणि संध्याकाळी भजनात. त्यांच्या भजनाच्या वीस कॅसेटी घरात होत्या. आप्पा गेले, टेप बिघडला, कॅसेटींना बुरशी चढायला लागली. तेव्हा बसवंतनं एक शहाणपणा केला आणि एक गाढवपणा. शहाणपणा असा, की शहापुरातल्या एका माणसाकडून त्या सगळ्यांच्या चौदा सीडी करून घेतल्या. गाढवपणा असा, की नंतर कॅसेटी भंगारवाल्याला दिल्या. आणि दिल्या त्यासुद्धा आक्का माहेरी आलेली असताना, तिच्या डोळ्यांदेखत!

"आप्पांचा आवाज भंगारात घातलास व्हय रं!"

"आगं आक्का, आप्पा आता ह्या सीडीत हाईत!"

"ह्या ताटलीत? सहा फुटी माणूस?"

दुपारच्या बसनं आक्का निघून गेली. पुढं बसवंतनं फोनवर सीडी ऐकवली, तर म्हणाली, "रेडिओ लावून फसवू नको." आता साखरपुड्याचं आमंत्रण द्यायला फोन केला तेव्हा मात्र तिनं एक अट घातली. "तू नवी गाडी घेतलीयास म्हणं. ये घिऊन. गाडीत आप्पांचा आवाज लागला तर बसतो. न्हाय लागला तर तसाच परत जा!"

इथवर सगळं सोपं होतं. गाडी होती, सीडी होत्या, बसवंतला रस्ता पाठ होता. फक्त चार दिवसांपूर्वी चौदा सीडींची चेन लावलेली पिशवी घेऊन तो गाडीत बसला आणि सीडी घालायची फट शोधायला लागला. समोर शोधली, खाली शोधली, हातमोजे ठेवायच्या कप्प्यात डोकं घालून शोधली. शेवटी एसीच्या जाळीत एक सीडी अर्धी सारून बघितली. शोरूमला फोन केला, तर तिथला पोरगा हसला. "अण्णा, ह्यात सीडी इल्ला री! आता कुठल्याच गाडीत येत न्हाय."

"जुन्या गाडीत होतं की!"

"ती तुम्ही आम्हाला एक्सचेंजला दिलासा की, अण्णा!"

रक्षा टिळकवाडीत एका वकिलाच्या ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. तिनं घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवरून चौदाच्या चौदा सीडी एका पेनड्राइव्हमध्ये उतरवून दिल्या. पेनड्राइव्ह नवा कशाला आणायचा? घरात डबाभर पडलेले! हल्ली साडीचं डिझाइनसुद्धा पेनड्राइव्हमधूनच येतं. डिझाइनवाला तो देतो, मागावरच्या कंट्रोलच्या डब्यात खोचायचा, डबा वाचतो आणि माग विणतो. सगळे काळे, सगळे सारखे, जुळी भावंडं परवडली!

साखरपुड्याच्या आदल्या दिवशी सकाळी बसवंतच्या खिशात असे दोन काळे होते. एक भजनाचा, एक मोराच्या काठाच्या नव्या डिझाइनचा. त्यातला एक त्यानं भावकूच्या हातात ठेवला. "डिझाइन लाव. मी आक्काला आणतो."

"गाडीत एकदा लावून तर बघा," अंबुबाई म्हणाली.

"न्हाय! ह्या गाडीत आप्पांचा आवाज पयल्यांदा आक्कासमोरच लागणार!"

आता यावर बायकोनं काय बोलायचं? तिनं दही दिलं हातावर.

संकेश्वरच्या पुढं उसाच्या ट्रॉल्यांमागं अर्धा तास गेला, तरी साडेअकराला गाडी निपाणीत आक्काच्या दारात उभी राहिली. आक्का तयार होती. इरकल नेसून, बोचकं बांधून, दाराला कुलूपसुद्धा लावून. बसवंतला हुरूप आला. त्यानं पुढचं दार अदबीनं उघडलं.

"बस, आक्का."

"लाव आदी."

बसवंतनं देवाला फूल वाहावं तसा पेनड्राइव्ह खोचला. पडद्यावर एक गोल फिरायला लागला. फिरला, फिरला आणि इंग्रजीत एक ओळ उमटली. वाजवण्यासारखं काही सापडलं नाही!

"काय म्हणतंय?" आक्का.

"दम खातंय जरा. नवीन हाय."

काढला, पुसला, परत खोचला. तीच ओळ. धोतराच्या सोग्यानं नाक पुसत शेजारचे रवळूकाका पुढं आले. "फुंक मार, बसवंता. धूळ असती." बसवंतनं फुंक मारली. मग रवळूकाकांनी स्वतः मारली. आता पेनड्राइव्ह ओलाही झाला!

शेवटचा उपाय म्हणून बसवंतनं सीटखालून सीडींची पिशवी काढली. "ह्ये बघ आक्का, ह्यात हाईत आप्पा. चौदा हाईत."

"मग लाव की."

"लावाय गाडीला फट न्हाय."

"फट न्हाय तर घेतलीस कशाला?"

खरं तर चार दिवस बसवंतही स्वतःला हेच विचारत होता.

तेवढ्यात समोरच्या घरातला शामू धावत आला. हातात रिकामा डबा, दळण आणायला निघालेला. "अण्णा, ब्लूटूथ करूया! माझ्या फोनवर बी भजनं हाईत." त्यानं आपला फोन गाडीला जोडला, बोटानं काहीतरी दाबलं, आणि उसाच्या ट्रॅक्टरवर वाजतं तसलं गाणं एवढ्या जोरात सुरू झालं, की रवळूकाकांचा चष्मा नाकावरून घसरला!

"ह्ये आप्पा?" आक्कानं विचारलं.

शामू घाईघाईनं गाणं बंद करायला गेला आणि त्याच वेळी त्याचा फोन वाजला. तोही गाडीतून. सगळ्या गल्लीनं त्याच्या बायकोचा आवाज ऐकला. "दळण आणाय गेलासा का गहू पेराय गेलासा?" शामू डबा उचलून जो पळाला, तो फोन गाडीतच विसरून! मग शामू गिरणीत पोचेपर्यंत गाडी बोलत राहणार की काय, या भीतीनं बसवंतनं गाडीच बंद केली आणि फोन रवळूकाकांच्या हवाली केला.

"आक्का, स्टँडजवळ मोबाईलचं दुकान हाय. पाच मिनटात दुरुस्त करून घेऊ. बस."

"आवाज लागला?"

"न्हाय अजून."

"मग चालतच येतो."

आणि खरोखर निघाली! डोक्यावर पदर, काखेत बोचकं, रस्त्याच्या मधोमध आक्का. तिच्यामागं पायी चालल्याच्या वेगानं नवी पांढरी गाडी. हार अजून तसाच. रस्त्यावरची माणसं हात जोडायला लागली. एकानं तर बसवंतला खिडकीतून विचारलं, "कोण सुवासिनी हाय का देवाला निघालेली?" बसवंतला हसावं की रडावं कळेना. मागच्या दोन टेम्पोंनी हॉर्न वाजवला तरी आक्कानं वळूनही पाहिलं नाही. बसवंतच्या मनात आलं, ही अशीच चालत बेळगावपर्यंत गेली तर उद्या नऊ चाळीसला कितीसं अंतर उरेल?

दुकानदार नागेंद्र हुशार दिसत होता. त्यानं पेनड्राइव्ह कॉम्प्युटरला लावला आणि कपाळाला आठी घातली. "अण्णा, गाणं एक बी न्हाय ह्यात. नुसत्या फायली. नावाच्या जागी आकडे हाईत. उघडाय गेलं तर उघडत न्हाईत."

"म्हंजे?"

"व्हायरस! सगळं पुसाय लागतंय."

बसवंतनं सीडींच्या पिशवीला हात लावून बघितला. आप्पा घरच्या कॉम्प्युटरात आहेत, इथं पिशवीत आहेत. पेनड्राइव्हातला बिघाड पुसायला काय हरकत? "पूस!" तो ठासून म्हणाला. नागेंद्रनं पुसलं. वर उदारपणे म्हणाला, "भजनं मीच भरून देतो की. आठशे हाईत माझ्याकडं."

ती भरून झाल्यावर गाडीत आवाज लागला एकदाचा! बाईचा गोड आवाज, मागं बासरी, ढोलक, बँड. आक्कानं खिडकीतून डोकं आत घालून नीट ऐकलं.

"आप्पा बाई कवा झाले रं?"

बसवंतचा धीर सुटला. तो दुकानाच्या पायरीवर मटकन बसला. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, पण डोळ्यांत पाणी आलं. "आक्का, आईशप्पत न्हाय टाकलं गं आप्पांना! पोरगीच्या साखरपुड्याला तू न्हाईस तर मी कुणाच्या तोंडाकडं बघू?"

आक्कानं बोचकं दुसऱ्या काखेत घेतलं. तेवढ्यात बसवंतचा फोन वाजला. भावकूचा होता.

"अण्णा, माग थांबलाय. डबा डिझाइनच वाचंना. रक्षानं तो पेनड्राइव्ह आत कॉम्प्युटरला लावून बगितला. त्यात डिझाइन न्हाय ओ. टाळ वाजायल्यात!"

हळूहळू बसवंतच्या डोक्यात एकेक दिवा लागला. खिशात दोन होते. एक भावकूला दिला. हा दुसरा. म्हणजे आत्ता नागेंद्रनं पुसलं ते... मोर! अख्खे मोर! डिझाइनवाल्याकडं दुसरी प्रत असते हे आठवेपर्यंत त्याला दोनदा घाम फुटला.

"काय झालं?" आक्कानं विचारलं.

आता खोटं काय बोलायचं? बसवंत मान खाली घालून म्हणाला, "आक्का, चूक झाली. आप्पा घरात, मागावर बसल्यात."

आक्का थबकली.

"मागावर?"

"व्हय."

"सकाळपास्नं?"

"सकाळपास्नंच."

आक्काचा चेहरा बघता बघता निवला. "मग आप्पाच असतील," ती म्हणाली. "गाडीत बसून कुठं जायाचा सभावच न्हवता त्यांचा. राजाच्या लग्नाला बोलावलं तरी माग सोडून उठायचे न्हाईत." असं म्हणून तिनं स्वतःच्या हातानं दार उघडलं, बोचकं मांडीवर घेतलं आणि पुढच्या सीटवर बसली. "चल. ती बाई बंद कर आदी."

बसवंतला काहीच कळलं नाही. पण आक्का बसली आहे आणि गाडी चालू आहे, यापलीकडं कळून घ्यायची त्याला इच्छाही नव्हती. बाईचा पेनड्राइव्ह काढून खिशात टाकून तो निघाला, तो संकेश्वरात चहालासुद्धा थांबला नाही. न जाणो, उतरली आणि परत बसली नाही तर!

वाटेत पुन्हा उसाच्या ट्रॉल्या लागल्या, तरी चारला ते वडगावात पोचले. रक्षा दारातच उभी होती, हातात खरा पेनड्राइव्ह घेऊन. आक्का उतरायच्या आत तिनं तो गाडीत खोचला. एक खरखर झाली. मग टाळ, मग पखवाज, आणि मग आप्पा. भरदार, थोडा बसलेला, कुणाशीही गल्लत होऊच शकणार नाही असा आवाज. भावकू आपोआप चप्पल काढून उभा राहिला. एक अभंग संपला. मंडळी खोकली. आणि आप्पा म्हणाले, "बाया, च्या ठेव गं. मंडळी दमल्यात."

"ठेवतो, आप्पा," आक्का म्हणाली आणि तिचा हात दाराच्या कडीकडं गेला.

मग तिच्या लक्षात आलं. हात तसाच परत मांडीवर आला. तिनं डोळे मिटून घेतले, आणि सहासष्ट वर्षांची बायाक्का पोरीसारखी हुंदके देऊन रडली. बसवंतही गाडीच्या टपाला धरून रडला. अंबुबाईनं पदरानं डोळे टिपत चहा आणला आणि खिडकीतून आत दिला.

"आक्का, चला आता घरात. हात-पाय धुवा. उद्याची ओटीची तयारी बगायची हाय."

"संपू दे," आक्का डोळे न उघडता म्हणाली.

"ह्यो अभंग?"

"सगळं. आप्पा गात असताना मदीच उठलेलं आप्पांना चालत न्हाय."

बसवंतनं डोळे पुसले. त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. तो रक्षाला बाजूला घेऊन हळूच म्हणाला, "बाळ, सगळं मिळून किती वेळाचं हाय गं?"

रक्षानं खिडकीतून पडद्याकडं बघितलं. "अठरा तास, बाबा."

बसवंतनं बोटं मोजली. चारपासून अठरा तास म्हणजे उद्या सकाळी दहा. मुहूर्त नऊ चाळीसचा! तो कसाबसा खिडकीशी गेला आणि हात जोडून म्हणाला, "आक्का, आगं पाव्हणं येणार. मुहूर्त चुकंल की!"

आक्कानं एक डोळा उघडला. गाडीतल्या घड्याळाकडं बघून तिनंही हिशोब केला.

"वीसच मिनटांचा तर प्रश्न हाय," ती म्हणाली. "थांबत्यात की पाव्हणं!"

आणि तिनं काच वर केली.