मोकळ्या जागेतलं कुंकू

घराचं खरेदीखत खरं तर वकिलाचं ऑफिसच काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नोंदणी कचेरीत नोंदवणार होतं. पण मृणालिनीने ते एका दिवसासाठी घरी मागून आणलं.

"अरे, अमेरिकेत अकरा वर्षं अपार्टमेंटमध्ये काढली. पहिलं स्वतःचं घर होतंय. देवापुढे न ठेवता कसं द्यायचं?"

काउंटीत स्वतः नेऊन देण्याचं तिच्या नवऱ्याने, गिरीशने कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कागद उचलायला गेला आणि जागीच थिजला. कागदाच्या माथ्यावर ओल्या कुंकवाचा ठसठशीत 'श्री' होता.

"वर किती छान मोकळी जागा सोडलीये त्यांनी," मृणालिनी कौतुकाने म्हणाली.

ती जागा काउंटीच्या शिक्क्यासाठी होती. पण सकाळी सकाळी वाद नको म्हणून गिरीशने गुपचूप ओला टिश्यू घेतला. सॉफ्टवेअरमध्ये वीस वर्षं काढलेल्या माणसाला वाटतं, चूक सापडली की ती पुसताही येते. तो पुसत गेला आणि 'श्री' खाली खाली उतरत गेला, तो थेट घर विकणाऱ्या मिसेस वॉकरच्या सहीवरून नोटरीच्या शिक्क्यापर्यंत.

काउंटरवरच्या बाईने कागद दोन बोटांत धरला. "सर, इज धिस ब्लड?"

"नो, नो! टर्मरिक!"

हळद पिवळी असते हे बाईला माहीत असावं. तिने आणखीच संशयाने पाहिलं. मग समजावून सांगितलं, की स्कॅनरला यातलं काही वाचता येणार नाही. नवा कागद, नवी सही आणि नोटरीचा नवा शिक्का लागेल.

गिरीशने घड्याळ पाहिलं. ब्याऐंशी वर्षांच्या मिसेस वॉकर आजच तीनच्या विमानाने ओरेगनला मुलाकडे जात होत्या, कायमच्या. मृणालिनीने त्यांच्या नवऱ्याने लावलेल्या अंजिराची आपुलकीने चौकशी केली, म्हणून त्यांनी बिल्डरला नकार देऊन घर यांना दिलं होतं. मुलगा मात्र अजून बिल्डरच्याच बाजूचा होता. आई एकदा त्याच्या घरी पोचली की सही मिळेल याचा भरवसा नव्हता.

"तू पुसायला कशाला गेलास?" मृणालिनी फोनवर कडाडली.

"तू काढलास कशाला?"

"भांडा नंतर!" मागून रत्नामावशींचा आवाज आला. मॉरिसव्हिल गावातली अर्धी मराठी घरं दिवाळीला ज्यांच्या चकल्या खातात, त्या रत्नामावशी नोटरीही होत्या. "वकिलाकडून नवा कागद प्रिंट करून घे. आम्ही एअरपोर्टवर पोचतो. आणि कागदाला कोणी हात लावायचा नाही!"

विमानतळाच्या दाराशी व्हीलचेअरमध्ये बसलेल्या मिसेस वॉकरनी मांडीवरच्या बॅगेवर कागद ठेवून सही केली, मावशींनी शिक्का मारला. कागद खराब झालाय एवढंच त्यांना फोनवर सांगितलं होतं; आता गिरीशने लालभडक जुना कागद दाखवून, अडखळत, दहा वेळा सॉरी म्हणत सगळी हकिगत सांगितली.

मिसेस वॉकरनी तो कागद हातात घेतला. "एकेचाळीस वर्षं त्या घरात राहिले. घराचा विमा काढला, पण प्रार्थना कधी केली नाही. हा कागद मला देशील?"

गिरीशचे डोळे भरून आले. या बाईचे उपकार कसे फेडायचे ते त्याला कळेना. मृणालिनी पटकन वाकून त्यांच्या पाया पडली.

"काही पडलं का, हनी?" मिसेस वॉकरनी काळजीने खाली बघितलं.

चारच्या आत कागद नोंदवला गेला. मृणालिनीने लांबूनच नमस्कार केला, कारण मावशींनी तिचा दंड घट्ट धरला होता.

दोन महिन्यांनी ओरेगनहून फोन आला. मिसेस वॉकरनी मुलाच्या घराजवळ छोटं घर घेतलं होतं. "मृणालिनी, थोडी ती लाल पावडर पाठवशील? आणि गिरीशला सांग, घाबरू नकोस. कागद आधी नोंदवून आणलाय."

गिरीशने स्वतः कुंकवाची पुडी बांधली. डोळे पुसले, आणि पुडीवर ठळक अक्षरांत इंग्रजीत सूचना लिहिली: लावल्यावर पुसू नये.