ओढ्यावरच्या पुलासाठी माकडाची निवड

बाळांनो, सॉफ्टवेअर इंजिनिअर निवडताना नेमकं काय बघायचं असतं? या काळजीनं परवा माझा डोळ्याला डोळा लागला नाही. ऑफिसनं मला पहिल्यांदाच मुलाखती घ्यायला बसवलं होतं. माझी स्वतःची निवड काय बघून झाली, तेही मला अजून कळलेलं नाही! म्हणून सकाळी लेकीची, शाल्मलीची, वेणी घालता घालता मी तिला ही गोष्ट सांगितली.

एका जंगलात एक ओढा होता. त्यावर वेलींचा पूल होता. एकदा पूर आला आणि पूल वाहून गेला. हरिणी राहिली अलीकडे, तिचं पाडस पलीकडे.

सिंहमहाराज म्हणाले, "पूल बांधणारा नेमा."

निवड समिती बसली. मोर तिचा प्रमुख झाला. पिसारा त्याचाच मोठा होता ना!

आधी घरटं विणणारी सुगरण आली. तिनं विचारलं, "पुलावरून जाणार कोण कोण?"

"बाई, प्रश्न आम्ही विचारतो," मोर म्हणाला. "हे झाड उलटं करून दाखवा."

"कशाला हो?"

"कशाला म्हणजे? सगळीकडे हेच विचारतात!"

सुगरण भुर्रकन उडून गेली.

मग माकड आलं. ते फांदीला पायांनी लटकलं आणि डोकं खाली करून म्हणालं, "बघा साहेब, झालं झाड उलटं!"

समितीनं टाळ्या वाजवल्या. घुबड म्हणालं, "काय आत्मविश्वास! आपल्यात अगदी मिसळून जाईल."

माकडानं पूल बांधला. म्हणजे काय, तर एक वेल या काठावरून त्या काठावर ताणली.

हरिणी रडकुंडीला आली. "अरे दादा, माझं लेकरू यावरून येणार कसं?"

"काय मावशी! मी आत्ताच लोंबकळत जाऊन आलो. मला तर मस्त चालतोय."

समितीची पुन्हा बैठक झाली. ठरलं असं, की पुलात काही दोष नाही. हरणांनाच लोंबकळायचं प्रशिक्षण द्यावं.

हरिणी रोज काठावरून हाका मारायची. पाडस पलीकडून ओ द्यायचं.

शेवटी उन्हाळा आला, ओढा आटला. पाडस धावत आईला येऊन बिलगलं. माकडाला बढती मिळाली. मोर म्हणाला, "माझी पारख कधी चुकत नाही."

तात्पर्य: नेमणूक करताना झाड उलटं करणाराच निवडावा. काम अडलं तरी घाबरू नये. ओढे आपोआप आटतात.

मला माझंच तात्पर्य इतकं पटलं, की जीव हलका झाला. मी रिबिनीची गाठ मारली. शाल्मली आरशातून माझ्याकडे बघत म्हणाली, "पण आई, तोपर्यंत पाडसाला दूध कुणी पाजलं?"