चाल अडकता कामा नये

राजेंद्रने मित्रांना शब्द दिला होता की यंदाचा खेळ पुरा होणार म्हणजे होणार. "माझ्यावर सोडा. कोणाची चाल अडकली तर नाव बदलेन," असं तो म्हणाला होता. माणूस शब्दाचा पक्का. इतका पक्का, की थोडा कच्चा असता तर बरं झालं असतं, असं पुढे सगळ्यांनाच वाटायला लागलं.

राजेंद्र, राकेश, स्वप्ना आणि हर्षद हे चौघं देवरूखच्या कॉलेजातले. तेव्हा कँटीनच्या मागे पुठ्ठ्याचा पट मांडायचे आणि तास बुडवून खेळायचे. आता राजेंद्र रत्नागिरीत एका कचेरीत, घर मांडवीला. राकेशचं मिरकरवाड्यात ट्रॉलरची इंजिनं दुरुस्त करायचं दुकान. स्वप्ना देवरूखलाच शाळेत शिकवते आणि हर्षद मुंबईला. पट आता मोबाइलवर आला होता. बेटांचा खेळ. आपल्या बेटावर धक्का बांधायचा, गोदाम बांधायचं, मीठ द्यायचं, लाकूड घ्यायचं. एकाने चाल खेळली की पुढच्याचा फोन वाजतो, "तुमची चाल." सगळ्यांनी एका वेळी बसायची गरज नाही, जमेल तेव्हा खेळायचं. कल्पना झकास होती. पण आमच्याकडच्या माणसाला "जमेल तेव्हा" एवढं सांगितलंत की तो निवांत पाय पसरतो.

मागचा खेळ हर्षदच्या चालीवर अडकला तो अख्खा पावसाळा अडकूनच राहिला. खेळ थांबला तसं ग्रुपवरचं बोलणंही थांबलं. राकेश तर एकाच गावातला, पण दिवाळीत मासळी बाजारात समोरून आला, "काय म्हणतोस?" म्हणाला आणि उत्तर न ऐकता पापलेट बघायला गेला. राजेंद्रला ते फार लागलं. कचेरीत त्याचे साहेब होते, सहकारी होते, मित्र कोणी नव्हता. ही तीन माणसं सुटली की आपण संपलो, अशी भीती त्याला खरोखरच वाटायची. म्हणून त्याने मनाशी पक्कं धरलं की खेळ चालू तर मैत्री चालू.

मग काय विचारता! नियम आले. चाल आली की जेवणाआधी खेळायची. जेवणानंतर आली तर चहाआधी. नाही खेळलात तर राजेंद्रचा मेसेज. मेसेजला उत्तर नाही तर फोन. फोन उचलला नाही तर बायकोला, नवऱ्याला, शेजाऱ्याला फोन. स्वप्ना एकदा वर्गात शिकवत असताना शिपाई धावत आला, "बाई, रत्नागिरीहून तातडीचा फोन." बिचारी हातातल्या खडूसकट धावली. फोनवर राजेंद्र. "तुझं लाकूड विकायचंय की नाही ते सांग," म्हणाला.

ग्रुपवर कोणी लेकराचा फोटो टाकला तर त्याच्याखाली राजेंद्रचं उत्तर ठरलेलं. "गोड आहे. चाल खेळ."

"त्यांना जरा श्वास घेऊ द्या," रेणुका म्हणायची. रेणुका म्हणजे राजेंद्रची बायको.

"श्वास घेतला की झोपतात ते. मी ओळखतो," राजेंद्र म्हणायचा.

आणि काय सांगू, एके दिवशी खेळ पळायला लागला. राकेश वेळेवर, स्वप्ना वेळेवर, हर्षदसुद्धा. फोन नाही, मेसेज नाही, धमकी नाही. राजेंद्रची छाती फुगली. रेणुकाला म्हणाला, "बघ, शिस्त लावली की माणसं सुधारतात."

"इतकी?" रेणुका म्हणाली आणि कोलंब्या साफ करत राहिली.

एवढासा शब्द, पण राजेंद्रच्या मनात पाल चुकचुकली ती तिथेच. इतकी कशी सुधारली? राकेश कॉलेजात परीक्षेला उशिरा यायचा, तो माणूस आता आठच्या भोंग्यासारखा चाल खेळतो? आणि आणखी एक. दुपारी जेवणानंतर राकेशची चाल बंद. चार वाजता पुन्हा सुरू. आता आमच्या रत्नागिरीत दुपारी जेवून सगळं गाव आडवं होतं हे खरं, पण राकेश? बोटी धक्क्याला लागल्या की त्याला पाठ टेकायला सवड नसते. तो दुपारी झोपतो यावर त्याच्या आईचाही विश्वास बसला नसता. मग हा चार वाजेपर्यंत करतो काय?

राजेंद्र बाकीच्यांकडे वळला. स्वप्ना नेमकी शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी चाल खेळायची. म्हणजे पोरं हात जोडून उभी आणि बाई मिठाचा सौदा करतायत? हर्षद खेळायचा तो सूर्य कलल्यावरच, सकाळी कधी नाही. सगळ्यात वाईट म्हणजे तिघांचंही आपापसात गुळपीठ होतं. स्वप्नाने मीठ मागितलं की राकेश देणार. राकेशने लाकूड मागितलं की हर्षद देणार. राजेंद्रने काही मागितलं की तिघांचंही उत्तर "नाही".

"कुठेतरी पाणी मुरतंय," राजेंद्र म्हणाला.

"मोरीत मुरतंय. प्लंबरला कधी बोलावताय?" रेणुकाने विचारलं. पण राजेंद्र आता घरच्या मोरीत नव्हताच. तो कटात होता.

खेळात एकमेकांना दोन ओळी लिहायची सोय होती. त्याने राकेशला मुद्दाम लिहिलं, "तुझं काय चाललंय ते मला सगळं कळलंय." उत्तर चार वाजल्यानंतर आलं.

"जेवलास काय रे?"

राजेंद्रने ते पुन्हा पुन्हा वाचलं. इतक्या वर्षांच्या मैत्रीत राकेशने त्याला जेवलास का म्हणून कधी विचारलं नव्हतं. उलट त्याच्याच डब्यातलं खाऊन डबा रिकामा परत द्यायचा. हा अचानक लोण्यासारखा का झाला? काय दडवतोय? राजेंद्रला वाटलं, हे आपल्याला हरवून खेळ गुंडाळणार, आणि खेळ गुंडाळला की पुन्हा ते मासळी बाजारातलं "काय म्हणतोस?" चालू. त्या विचाराने त्याला डबा गोड लागेना.

रोज तोच प्रश्न येत राहिला, तेव्हा एके दिवशी त्याने बेत केला. चारच्या सुमाराला स्वतःची चाल खेळायची, की पाठोपाठ राकेशची. आणि त्या क्षणाला आपण राकेशच्या दुकानासमोर उभं राहायचं. चोर रंगेहाथ पकडायचा. कचेरीत त्याने दाढ दुखते असं सांगितलं आणि गाल धरून बाहेर पडला. मिरकरवाड्यात बर्फाचा ट्रक उभा होता, त्याच्या आड तो लपला. वरून बर्फाचं पाणी कॉलरमधून पाठीत उतरत होतं, पण तो हलला नाही. एक म्हातारी मासेविक्रीण त्याच्याकडे बघत म्हणाली, "कोणाचे पैसे बुडवून लपलास रे?" त्याने तिला गप्प राहायची खूण केली. तिने आणखी दोघींना बोलावून दाखवला.

समोर दुकानात राकेश इंजिनाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. दोन्ही हात काळे. दातांत पाना. राजेंद्रने चाल खेळली आणि डोळे रोखले. राकेश हलला नाही. फोनला हात लावला नाही. आणि राजेंद्रचा फोन थरथरला, "राकेशने चाल खेळली."

राजेंद्र ट्रकमागून असा सुटला की मासेविक्रिणींनी वाट करून दिली.

"तू इथे आहेस," तो ओरडला, "मग तिथे कोण आहे?"

राकेशच्या तोंडातला पाना पडला. "तू भिजलास कसा?"

"विषय बदलू नको. तुझी चाल कोण खेळलं?"

राकेशने फडक्याने हात पुसले, मग उगाच पुन्हा पुसले. "आबा," तो म्हणाला.

आबा म्हणजे राकेशचे वडील, भिवा आबा. मुंबईला गोदीत जन्म काढून आता घरी बसलेले, दुपारी जेवून चारपर्यंत झोपणारे.

"तुझे आबा? कधीपासून?"

"तू माझ्या सासूला फोन केलास ना, तेव्हापासून. अरे, इंजिन उघडलेलं असताना तुझे मेसेज. मी म्हटलं, सोडून देतो. पण तू मनाला लावून घेतलं असतंस. आबा नुसते बसून होते, त्यांना जुना टॅब दिला. म्हटलं खेळा माझ्या नावाने." राकेशने फडकं खांद्यावर टाकलं. "काल हर्षद पण हेच म्हणत होता, राजाला सांगून टाकूया आता."

"हर्षद काल कुठे म्हणाला? ग्रुपवर तर काही आलं नाही."

राकेशने पाना उचलला. पान्याकडे बघितलं. पान्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

"दुसरा ग्रुप आहे," तो शेवटी म्हणाला. "आम्हा तिघांचा. खेळाचं काही नाही रे तिथे. नुसत्या गप्पा. स्वप्नाच्या मुख्याध्यापकांची गंमत, हर्षदच्या पोराचे दात. तुला घेणार होतो. पण तू लगेच म्हणाला असतास, गप्पा पुरे, चाल खेळा."

राजेंद्रला कोणी थोबाडीत दिली असती तर चाललं असतं. म्हणजे ज्या मैत्रीसाठी तो खेळ हाकत होता, ती मैत्री दुसऱ्या खोलीत मजेत बसली होती, आणि दाराबाहेर हा एकटा पहारा देत होता. त्याला रडू आलं. ते लपवायला तो जोरात म्हणाला, "चल घरी. मला आबांना भेटायचंय."

घर दुकानाच्या मागेच. ओटीवर आबा खुर्चीत, मांडीवर टॅब, आणि शेजारी स्टुलावर फोन स्पीकरवर ठेवलेला. फोनमधून एका बाईचा खणखणीत आवाज येत होता, "भिवाभाऊ, त्या राजेंद्राला मीठ देऊ नका हां. मेलं जीव खातंय नुसतं."

"नाय देत, काशीताई," आबा म्हणाले.

"ही कोण?" राजेंद्रने हळूच विचारलं.

"स्वप्नाची सासू," राकेश कुजबुजला. "गुडघे धरलेत, बाहेर जाता येत नाही. स्वप्नाने तिला दिलाय खेळ. सून शाळेला गेली की ही बसते."

फोनमधून आता एका पुरुषाचा आवाज आला. त्यात वाराच जास्त होता. "माझा धक्का झाला बांधून. पुढे खेळा बिगीबिगी. मी हितं सड्यावर उभा हाय, खाली गावात रेंज नाय."

"आणि हे हर्षदचे धाकूमामा. संगमेश्वराकडे असतात. गुरं परत आणायला सड्यावर, गावावरच्या कातळाच्या माळावर चढतात, तेव्हा खेळतात," राकेश म्हणाला.

म्हणजे कट वगैरे काही नव्हता. कट करायलासुद्धा तिथे मित्र असावे लागतात. राजेंद्र गेले कित्येक दिवस तीन अनोळखी म्हाताऱ्या माणसांना शिस्त लावत होता, आणि शिस्त ती त्यांची मुळातच होती.

आबांनी मान वर केली. "तू राजेंद्र काय? बस. भिजलास कुठे? तुझीच चाल हाय. खेळ."

"आबा, मीठ का देत नाही मला?" राजेंद्रने विचारलं. एवढं सगळं सोडून हेच का विचारलं, ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"आम्ही तुला रोज जेवलास काय विचारतो. तू उत्तर नाय देत. नुसतं मीठ माग, लाकूड माग. असं कोण देतो?"

राजेंद्र खाली बसला. फोन हातात घेतला. पण डोळ्यांत पाणी, बेटं सगळी एकमेकांत मिसळलेली. धक्का कुठला, गोदाम कुठलं, काही दिसेना. त्याच्या मनात त्या दुसऱ्या ग्रुपवरच्या गप्पा चालू होत्या, ज्या त्याने कधी वाचल्या नव्हत्या. हाताचं बोट पुढे जाईना.

"भिवाभाऊ, कोणाची चाल अडकलीय?" काशीताईंनी विचारलं.

"राजेंद्राची. माझ्या समोर बसलाय, तरी खेळत नाय."

"मला काळोख व्हायच्या आत उतरायचं हाय," धाकूमामा सड्यावरून म्हणाले. "वाटेत साप असतात."

राजेंद्रने नाक ओढलं.

"त्याच्या घरी मोकळं कोण नाय काय?" काशीताई म्हणाल्या. त्यांनी ते अगदी साधेपणाने विचारलं, दुकानात सुट्टे आहेत का विचारावं तसं.

आबांनी राजेंद्रकडे बघितलं. राजेंद्रने राकेशकडे बघितलं. राकेशने छताकडे.

"बायको आहे," राजेंद्र पडक्या आवाजात म्हणाला.

"नंबर दे."

आबांनी रेणुकाला फोनवर घेतलं. राजेंद्रला वाटलं, ती नाही म्हणेल. या खेळाचा तिला संताप होता. पण रेणुकाने काशीताईंच्या गुडघ्यांची चौकशी केली, कसलं तेल लावता विचारलं, आणि मग म्हणाली, "द्या इकडे, माझ्या फोनवर उघडते. पासवर्ड काय आहे?"

"नंतर सांगतो," राजेंद्र म्हणाला.

"नंतर कशाला? मामा सड्यावर उभे आहेत."

राजेंद्रने घसा साफ केला. "लवकर खेळा मेल्यांनो. सगळं जोडून."

राकेश खांबाला टेकून हसायला लागला तो खालीच बसला. काशीताई फोनमध्ये हसत होत्या. धाकूमामांना वाऱ्यामुळे ऐकू आलं नाही, तर आबांनी त्यांना पुन्हा नीट सांगितलं. एवढ्यात रेणुकाने चाल खेळून टाकलीसुद्धा. मीठ मागितलं, आणि आबांनी दिलं.

राकेशने राजेंद्रच्या खांद्यावर काळा हात ठेवला. शर्टावर पंजा उमटला. "उठ," तो म्हणाला. "चहा टाकतो. मग सांगतो, स्वप्नाचे मुख्याध्यापक काय करून बसलेत."

राजेंद्र तसाच बसून होता. कितीतरी दिवसांत त्याला कुठल्याच चालीची वाट बघायची नव्हती, आणि मोकळ्या हातांचं काय करायचं ते त्याला सुचत नव्हतं. त्याने तोंड उघडलं. "मुख्याध्यापक म्हणजे तो टकलू, की दुसरा..."

आबांनी टॅबवरची नजर न काढता हात वर केला.

"बाहेर बसून बोला रे पोरांनो," ते म्हणाले. "इथे खेळ चाललाय."