पोकळ भिंत

दामलेकाका कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीवर टकटक करायचे. पाणी, चहा, ख्यालीखुशाली सगळं नंतर. बोटाच्या पेरांनी दोनदा ठोकायचं, कान लावायचा आणि निकाल द्यायचा, "भार घेत नाही. नुसतं पार्टिशन!" सरकारी बांधकाम खात्यातली नोकरी अंगात मुरली होती. माणसांनाही तोच निकाल. "तुमचा तो नवा साहेब ना? पार्टिशन!"

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात त्यांचं आणि आमचं सरकारी क्वार्टर एकाच भिंतीच्या दोन बाजूंना. काकूंनी लाटण्यानं दोनदा ठोकलं की माझी आई गॅसवरचं दूध माझ्या भरवशावर टाकून चहाला पळायची. दूध बहुतेकदा उतू जायचं. तो करपलेला वास मला अजून आवडतो.

काका रिटायर झाले. गुडगावात तेव्हा नवे सेक्टर वसत होते, तिथे त्यांनी चांगलं बेसमेंटसकट घर बांधलं. चारी बाजूंना रिकामे प्लॉट. काकू तिथे रमल्याच नाहीत. "एवढं मोठं घर, पण ठोकायला भिंत नाही," म्हणायच्या. हसणं तर विसरल्याच होत्या. कायमचं पुण्याला बहिणीकडे जायची भाषा सुरू झाली.

तेव्हा काकांनी फरशी-रंग सगळं झालेल्या बेसमेंटमध्ये मधोमध पार्टिशन घालायला काढलं. जन्मभर पार्टिशनला नावं ठेवणारा माणूस! आम्ही बघायला गेलो तर सुतार वैतागलेला. काका त्याला दोन प्लायच्या मधे थर्माकोल भरू देईनात.

"साहब, आवाज़ आर-पार जाएगी."

"जानाच चाहिए, भैया! बिल्कुल पोकळ रखो!"

दिल्लीत जन्म काढूनही काकांचं हिंदी एवढंच पुढे गेलं होतं.

पुढे उन्हाळ्यात एका दुपारी आई आणि मी पुन्हा गेलो. थंडावा म्हणून काकू खाली बेसमेंटमध्ये शिवणाचं मशीन घेऊन बसल्या होत्या. गप्पा काही रंगत नव्हत्या. काका कुठे दिसेनात.

एवढ्यात नव्या भिंतीवर पलीकडून दोनदा टकटक झालं. काकूंचं मशीन थांबलं.

"कोण?"

काका दारातून आत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, हातात रिकामी वाटी.

"मी शेजारचा दामले. वाटीभर साखर मिळेल का?"

काकांना मधुमेह होता. काकू इतक्या हसल्या की खुर्चीतून पडायच्याच राहिल्या. मग पदरानं डोळे पुसत उठल्या.

"साखर नाही मिळायची. बिनसाखरेचा चहा टाकते. पहिल्यांदाच येताय आमच्याकडे, बसा."