ओव्हनचं माप

लेकीने फोनवर स्पष्टच सांगितलं होतं. रविवारी येते, बॅग भरून ठेवा, एकट्याने राहायचं आता पुरे झालं. मागच्या खेपेला तिने बाबांचा फ्रिज उघडला, तर आत एक लिंबू आणि बटणांची डबी. तेव्हापासून तिने हे मनावरच घेतलं होतं. बाबांना, म्हणजे टेलर मास्तरांना, मात्र घर सोडायचं नव्हतं. खाली शिलाईचं दुकान, वर घर, चाळीस वर्षं त्याच जिन्यावरून खाली-वर करत त्यांनी निम्म्या गावाचे कपडे शिवले होते. तेव्हा तेही म्हणाले, "आधी जेवायला तर ये. घरी लझानिया करतोय. मग बोलू."

लझानिया म्हणजे लेकीचा जीव की प्राण. मास्तरांनी तो जन्मात केला नव्हता, पण कृती वाचून त्यांना वाटलं, यात आहे काय? थरावर थर आणि मध्ये अस्तर, हे तर आपलंच काम. त्यांनी टेपने ओव्हनचं माप घेतलं आणि समोरच्या पत्रेवाल्याकडून बरोबर त्या मापाचा ट्रे करून आणला. मैद्यात अंडी घालून पीठ मळलं, लाटलं, फूटपट्टी धरून चौकोन कापले. टोमॅटोचा सॉस, पांढरा सॉस, चीज, पुन्हा चौकोन, असे सात थर झाले. घड्याळं दुरुस्त करणारा मित्र मदतीला आला होता. त्याने चीज किसता किसता निम्मं खाल्लं.

बाराच्या सुमारास ट्रे ओव्हनपाशी नेला आणि मास्तरांचा चेहरा उतरला. ट्रे काही आत जाईना. जन्मभर माणसांची मापं बाहेरून घेतलेला माणूस तो, ओव्हनचंही त्याने बाहेरूनच घेतलं होतं. तिरका करून पाहिला, तर वरचा थर घसरत एका कडेला जाऊन बसला. घड्याळवाल्याने ओव्हनचं दारच काढून टाकू असं सुचवलं. मास्तरांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

शेवटी शेजारची बेकरी आठवली. दोघांनी दोन टोकं धरून ट्रे जिन्यावरून उतरवला, आणि मागे वाऱ्याने दार धाडकन लागलं. किल्ली आत, चष्मा आत, फोन आत. मास्तरांच्या अंगात बायकोचा फुलाफुलांचा एप्रन होता. ती गेल्यापासून तो खुंटीवरच होता, आज पहिल्यांदा निघाला होता.

बेकरीवाल्या काकूंनी पाव बाहेर काढून भट्टीत जागा करून दिली आणि चौकोन जाड लाटल्याबद्दल दोन शब्द सुनावलेही. पत्रेवाला शिडी लावून वर चढला. खिडकी उघडली नाही, पण कुंडी पडली. नेमकी त्याच वेळी लेक टॅक्सीतून उतरली. पाहते तर घराच्या खिडकीला एक माणूस लोंबकळतोय, खाली फुलाफुलांच्या एप्रनमध्ये बाप उभा आहे, आणि साऱ्या गल्लीत चीजचा वास सुटलाय.

दार उघडेना, म्हणून जेवण बेकरीतच झालं, पिठाच्या पोत्यांवर बसून. कडा करपल्या होत्या, मध्ये थोडं कच्चं होतं, पण पावाला आलेल्या गिऱ्हाइकांनासुद्धा लझानिया पुरून उरला. काकू मास्तरांना रागावल्या, "रोज संध्याकाळी माझ्याकडे जेवता, रविवारी या घड्याळवाल्याकडे. मग हा उपद्व्याप सांगितला होता कुणी?"

मास्तरांचं बिंगच फुटलं. डोळे भरून आले. "खरं सांगू का," ते लेकीला म्हणाले, "मला एकट्याला साधा ट्रेसुद्धा उचलवला नाही. तुझंच बरोबर आहे. येतो मी तुझ्याबरोबर."

लेकीने आजूबाजूला पाहिलं. घड्याळवाला तिसऱ्यांदा वाढून घेत होता. काकू बडबडत बाबांच्या ताटातला करपलेला तुकडा उचलून आपल्या ताटातला चांगला तिथे ठेवत होत्या. लेकीने पर्स उघडली आणि एक किल्ली काढली.

"घराची?" मास्तर बघतच राहिले. "तुझ्याकडे होती? मग मघाशी का नाही काढलीस?"

"मघाशी मला इथेच बसायचं होतं." तिने किल्ली काकूंच्या हातात ठेवली आणि त्यांची मूठ मिटली. "तुमच्याकडेच असू द्या, काकू. बाबा पुन्हा असे बाहेर अडकले तर लागेल. मी एवढ्या लांब राहते, मला हिचा काय उपयोग?" मग बाबांकडे वळून म्हणाली, "जेवा आता. गार होतंय."