रपट्यापुढं बंद पडलेली जीप

लखनची जीप ठणठणीत होती. तरी नाल्यावरच्या रपट्यापुढं त्यानं गुपचूप चाबी फिरवली, हँडब्रेक ओढला आणि तोंड पाडून म्हणाला, "बंद पडली, मामाजी."

मामाजी म्हणजे योगिनीचे वडील, शालिग्रामराव. कामरगावला लखनचं घर पाहून ते बायकोसह कारंजाला परत चालले होते. पोरगी द्यायची की नाही, ते घरी पोचल्यावर सांगणार होते. इकडं रपट्यावरून, त्या बिनकठड्याच्या ठेंगण्या पुलावरून, गढूळ पाणी धो धो वाहत होतं, कडेचे दगडही दिसत नव्हते. नुकताच एक ट्रॅक्टर पार झाला होता.

"गेला ना तो! मंग आपल्याले काय धाड भरली?" शालिग्रामराव छाती काढून म्हणाले होते. "मले जवाई दमदार पायजे!"

लखनला योगिनी मनापासून आवडली होती. पण तिच्या आईबापाला नाल्यात घालून तिला मागणी कशी घालायची?

मागं गाड्यांची रांग लागली, हॉर्नचा नुसता कालवा. एसटीतून रविकांत नावाचा दांडगा गडी उतरला.

"बाजूले घे ना बे!"

"बंद हाये भाऊ."

"एवढंच ना? धक्का मारू!"

आली का पंचाईत! धक्का म्हणजे सरळ पाण्यात. पाहता पाहता दहा-बारा जण मागं लागले. शालिग्रामरावही उतरले आणि सगळ्यांत मोठ्यानं ओरडू लागले, "लावा जोर!" जीप तसूभर हलेना. लखनचा पाय ब्रेकवर आणि जीव मुठीत.

"हलत काहून नाई?" रविकांत घामाघूम होऊन खिडकीशी आला. "चाबी दे, मी पाह्यतो."

लखननं हात घातला, तर चाबी जागेवर नाही! शेजारी बसलेल्या कस्तुराबाई, म्हणजे योगिनीची आई, कनवटीला काहीतरी खोचत होत्या.

"पडली असंन कुठंतरी चिखलात," त्या शांतपणे म्हणाल्या. "शोधा."

काय बाई म्हणावी! लखनला तिथंच त्यांच्या पाया पडावंसं वाटलं.

सगळे वाकून चाबी शोधत होते, तोच पुरात वाहत आलेलं बाभळीचं अख्खं झाड रपट्यावरून धाडकन आडवं गेलं. हॉर्न थांबले. रविकांत मुकाट्यानं एसटीत जाऊन बसला.

पाणी उतरल्यावर कस्तुराबाईंनी चाबी काढून दिली. लखनला आता राहवेना. लग्न गेलं तर गेलं!

"मामाजी, गाडी बंद पडलीच नवती. मी भेलो होतो."

शालिग्रामरावांनी आजूबाजूला पाहिलं आणि त्याच्या कानाशी वाकले.

"हळू बोला ना, जवाईबापू! धक्का तं ते बाकीचे मारून राह्यले होते. मी मांगून बंपर धरून वढून राह्यलो होतो."