सातवा रकाना : निरंक

"मार उडी! होडी मी धरते."

तीस वर्षांपूर्वी खाडीच्या काठाशी ताईने दिलेली ही हाक अभियंत्याच्या कानात अजून ओली होती. पाठीला दप्तर लावून त्याने होडीतून उडी मारली, ती थेट शाळेच्या वाटेवर. होडी मागे गेली. होडीत ताई होती. पुढे मास्तरांनी वर्गात नियम सांगितला, की पुढे जायचं तर काहीतरी मागे ढकलावंच लागतं. तेव्हा सगळ्यांनी तो वहीत उतरवून घेतला, हा एकटा खाली मान घालून बसला.

असो. सांगायची गोष्ट कार्यालयीन आहे. वादळाची आगाऊ सूचना देणारा एक उपग्रह आपल्या जागेवरून हळूहळू घसरत होता. पाच दिवसांत ती खाडी त्याच्या नजरेआड होणार होती, आणि त्याच खाडीत ताई अजून माणसं पैलतीरी नेत होती. उपाय सोपा होता. उपग्रहाच्या नळीतून चार किलो वायू जोराने मागे सोडायचा, की उपग्रह पुढे सरकतो. त्यासाठी फक्त 'पुढे जाण्याचा अर्ज' भरावा लागे. त्यातला सातवा रकाना असा : 'सदर प्रगतीमुळे मागे जाणाऱ्या व्यक्ती अथवा वस्तू'. तिथे आजवर प्रत्येकाने 'निरंक' लिहिलं होतं. अभियंत्याने, काय दुर्बुद्धी झाली कोण जाणे, खरं ते लिहिलं : 'वायू, चार किलो'.

लगोलग समिती बसली. 'सगळे पुढे, मागे कोणी नाही' हे कार्यालयाचं त्या वर्षीचं ब्रीद होतं. जिन्यात, लिफ्टमध्ये, हात धुण्याच्या जागीसुद्धा टांगलेलं.

"त्या वायूने आपलं काय घोडं मारलंय?" संचालकसाहेब कळवळून म्हणाले. "त्यालाही पुढेच सोडा."

"मग उपग्रह मागे जाईल, साहेब."

"बरं, अर्धा पुढे, अर्धा मागे. कुणावर अन्याय नको."

"मग उपग्रह जागचा हलणार नाही. वायू मात्र संपेल."

"पण समतोल राहील ना!" उपसंचालकांनी टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी ठरलं, की नळीच्या मागे पिशवी बांधावी. वायू बाहेर पडल्यासारखाही होईल आणि आपल्यातच राहील.

"साहेब, हे म्हणजे आपलीच शेंडी धरून आपल्यालाच उचलणं झालं."

"असा प्रयत्न यापूर्वी कुणी केल्याची नोंद आहे का?" साहेबांनी गंभीरपणे विचारलं. नोंद नव्हती. उपसमिती नेमण्यात आली.

तिसरा दिवस शेंड्या मोजण्यात गेला. चौथ्या दिवशी अभियंत्याने प्रात्यक्षिकच करायचं ठरवलं. साहेबांना चाकांच्या खुर्चीत बसवलं, मांडीवर जुन्या फायलींचा गठ्ठा दिला. "आता हा डोक्यावरून जोरात मागे फेका." साहेबांनी फेकला. गठ्ठा उपसंचालकांच्या पोटात बसला, ते 'आई गं' म्हणत भिंतीला टेकले, आणि साहेब खुर्चीसकट घरंगळत दाराबाहेर, पाण्याच्या पिंपापर्यंत गेले. इतिवृत्तात नोंद झाली : 'मा. संचालक स्वकर्तृत्वाने सव्वातीन मीटर पुढे गेले. यात गठ्ठ्याचा व उपसंचालकांचा कोणताही वाटा आढळून आला नाही.'

पाचव्या दिवशी सकाळी आवक-जावक बघणाऱ्या बाईंनी अभियंत्याला कपाटाशी बोलावलं.

"काय हो, खरं लिहायची हौस भागली का?"

"बाई, माझी बहीण आहे त्या खाडीत."

"मग तिच्यासाठी खोटं लिहा की! नवीन काय आहे त्यात?" बाईंनी कपाट उघडलं. "हे सगळ्यांचे बढतीचे अर्ज. साहेबांचे, उपसाहेबांचे, हे तीन तुमचे. छापील अर्ज एकच, सातवा रकानाही तोच. बघा, काय लिहिलंय तुम्ही."

तिन्हींवर त्याचंच वळणदार अक्षर होतं. निरंक. निरंक. निरंक.

त्याने चौथ्यांदा निरंक लिहिलं. दहा मिनिटांत मंजुरी आली. मागे काहीच गेलं नाही अशी खात्री करून चार किलो वायू मागे सोडण्यात आला आणि उपग्रह जागेवर आला. (कोरे अर्ज बाईंच्या कपाटात भरपूर आहेत. वाचणाऱ्याने एखादा मागवून सातव्या रकान्यावर पेन टेकवून बघावं. हात कसा आपोआप वळतो.)

सहाव्या दिवशी ताईचा फोन आला.

"अरे, वादळाची सूचना वेळेवर आली बघ! होडी बांधून टाकली. तुझंच काम ना हे? सगळ्यांना सांगितलं मी, माझा भाऊ एकट्याच्या बळावर वर चढलाय."

"ताई," तो म्हणाला, "त्या दिवशी होडी मागे गेली ना, ती मी पाहिली होती. वळून पाहिलं होतं मी. कधी बोललो नाही."

पलीकडे वारा घोंघावत होता.

"ठाऊक आहे रे. म्हणून तर हसून हात हलवला मी." मग तीस वर्षं फळीखाली ठेवलेलं काहीतरी उचलावं तशी म्हणाली, "माझंही दप्तर होतं होडीत. मलाही उतरायचं होतं."